नोंद बाईबरोबर फडावर जाऊ द्या

संपादक महोदय,

प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या संगणकीय नोंदी म्हणजे नुसता ताप, जुनी रजिस्टरंच बरी, असं हल्ली बरेच जण म्हणतात. मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे.

आमच्याकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गरोदर बाईची नावनोंदणी आणि पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात होते, पुढच्या तपासण्या कारखान्याजवळच्या केंद्रात. तिथल्या डॉक्टरांपुढे ती उभी राहते तेव्हा तिचं रजिस्टर गावच्या कपाटात असतं. माता-बाल संरक्षण कार्ड उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भिजलेलं किंवा हरवलेलं असतं. आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या, असं विचारलं की उत्तर येतं, "लाल होत्या."

तपासणीत हिमोग्लोबिन ९ निघालं, तर ते ७ वरून चढलंय की ११ वरून उतरलंय? चढलं असेल तर गोळ्या लागू पडताहेत. उतरलं असेल तर कारण शोधायला हवं, आणि तेही बाळंतपणाआधी. रक्तदाबाचंही तसंच. १३०/८४ हा आकडा एकटा पाहिला तर काळजीचा वाटत नाही. पण तिसऱ्या महिन्यात तो १००/६० होता हे समोर दिसलं, तर कुठलाही जाणता डॉक्टर तिला चार दिवसांत पुन्हा बोलावील. मागची नोंद नसली की हा धोका दिसतच नाही.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यातल्या १४ अंकी 'आभा' क्रमांकाशी जोडलेली नोंद रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या दवाखान्यात पाहता येते. खासगी माहिती फुटेल ही भीती रास्त आहे, म्हणून कोणी कधी काय पाहिलं याची नोंद राहायलाच हवी. पण केंद्राच्या टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर येणारा-जाणारा कोणीही चाळतो, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

खरी तक्रार वेगळी आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. सेविका दिवसभर रजिस्टर भरते आणि रात्री घरी बसून तेच टॅबवर चढवते. हे दुहेरी काम तिच्या जिवावर येतं आणि मग नोंदी उरकल्या जातात. यात दोष संगणकाचा नाही, दोन्ही नोंदी मागणाऱ्या वरिष्ठांचा आहे.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे: जिथे टॅब नीट चालतो तिथे रजिस्टर लेखी आदेशाने बंद करा. रेंज नसेल तिथे नोंद टॅबमध्ये साठून नंतर वर जाईल अशी सोय द्या. आणि यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गरोदर बाईचा आभा क्रमांक काढून, छापील कार्ड तिच्या हातात द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड