पराभवानंतर सुचलेले तत्त्व

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या चार वर्षांत यादवी युद्ध झाले. ते कशासाठी झाले, हा प्रश्न वास्तविक केव्हाच निकालात निघावयास हवा होता. सहा लाखांहून अधिक सैनिक त्यात कामी आले. असे असूनही, हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, घटक राज्यांच्या हक्कांसाठी होते, हे प्रतिपादन आजही केले जाते, आणि चांगली शिकलेली माणसे ते मान डोलावून ऐकतात. आमच्या मते हे प्रतिपादन नुसते चुकीचे नाही, ते घातक आहे. त्याच्या खंडनासाठी उत्तरेचे साक्षीदार बोलावण्याचीही गरज नाही. दक्षिणेची स्वतःची साक्ष पुरेशी आहे.

साउथ कॅरोलायना हे राज्य २० डिसेंबर १८६० रोजी प्रथम फुटून निघाले. त्याने आपल्या कृत्याची कारणे जाहीर केली. त्यांतील प्रमुख तक्रार ही की, उत्तरेची राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत. मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे त्या राज्याने लेखी नमूद केले. बंडखोर संघराज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात सांगितले की, कृष्णवर्णीय मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि दास्य हीच त्याची स्वाभाविक स्थिती होय, या सिद्धान्तावर आमच्या नव्या राज्याची कोनशिला बसविली आहे. इतकी स्पष्ट कबुली हाती असता अन्य कारणांचा शोध घेणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा होय.

राहिला राज्यांच्या हक्कांचा प्रश्न. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा १८५० साली मध्यवर्ती सरकारने केला, तो दक्षिणेच्या आग्रहावरून. उत्तरेतील अनेक राज्यांनी आपल्या हद्दीत त्याला विरोध केला, तेव्हा त्या राज्यांचे हक्क दक्षिणेला आठवले नाहीत. उलट, मध्यवर्ती सत्तेने त्यांना वठणीवर आणावे, अशी तिची मागणी होती. पुढे बंडखोरांनी स्वतःची घटना बनविली, तीत गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करण्यास आपल्याच काँग्रेसला मनाई केली. तेव्हा हक्क हवा होता तो एकच, माणसाला मालमत्ता म्हणून बाळगण्याचा. १८६०च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख भरली. फुटून निघालेल्या अकरा राज्यांत दर पाच माणसांपैकी जवळजवळ दोन गुलाम होते. एवढी मालमत्ता आणि तिच्या श्रमावर पिकणारा कापूस हातचा जाईल, या भीतीने तलवार उपसली गेली.

उत्तर तरी निष्कलंक होती काय? मुळीच नाही. गुलामगिरी असलेली डेलावेअर, मेरिलंड, केंटकी व मिसुरी ही चार राज्ये उत्तरेच्याच बाजूस राहिली. जेथे गुलामगिरी आहे तेथे आपण हात घालणार नाही, असे लिंकन यांनी पदग्रहणप्रसंगी सांगितले होते. दक्षिण गुलामगिरी राखण्यासाठी लढली, परंतु उत्तर आरंभी केवळ संघराज्य राखण्यासाठी लढली. तिच्या युद्धाला मुक्तीचा अर्थ आणून देण्यात मोठा वाटा खुद्द गुलामांचा होता. मे १८६१मध्ये तिघे गुलाम व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथे आश्रयाला आले आणि सेनापतीने त्यांना परत पाठविण्यास नकार दिला. मागोमाग हजारोंची रीघ लागली. रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने मे १८६२मध्ये चार्ल्सटन बंदरातून शत्रूचे जहाजच कुटुंबियांसह पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा निघाला, त्यानंतर सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. स्वातंत्र्य त्यांना भिक्षा म्हणून मिळाले नाही, त्यांनी ते झुंजून मिळविले.

युद्ध संपले आणि भाषा पालटली. ज्या स्टीफन्स यांनी कोनशिलेचे भाषण केले, त्यांनीच १८६८पासून ग्रंथ लिहून हा लढा घटनात्मक तत्त्वांचा होता, असे मांडले. पराभवानंतर सुचलेले हे तत्त्व नुसत्या पोथीत राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. परंतु युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, असे एकदा ठरले की मुक्त झालेल्यांचे देणे फेडण्याची जबाबदारीही कोणावर उरत नाही. १८७७मध्ये मध्यवर्ती सरकारने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या संरक्षणातून अंग काढून घेतले, पुढे त्यांचा मताधिकार युक्तीने हिरावला गेला, आणि तो कायद्याने परत मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. बंडखोर सेनापती ली यांचा रिचमंड येथील पुतळा १८९०मध्ये उभारला गेला. तो उतरण्यास २०२१ उजाडले.

या यादवीशी आपलाही संबंध आहे. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा केला, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच त्यांचे शेअरचे मनोरे कोसळले. परंतु त्याच युद्धाकडे पुण्यात एका पुरुषाने निराळ्या दृष्टीने पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडविले. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. सातासमुद्रापलीकडून जोतीरावांना जे कारण स्वच्छ दिसले, ते दडविण्यासाठी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहिले गेले आणि पुतळे उभारले गेले. अन्यायाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्याचे धैर्य ज्या समाजाला होत नाही, त्याला तो अन्याय कायद्याने नष्ट केल्यावरही पुन्हा पुन्हा भोगावा लागतो. जातिभेदाला परंपरा, व्यवसाय किंवा सोय अशी सभ्य नावे देणाऱ्या आमच्या समाजाने हे लक्षात ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.