भारताची जमीन खरंच दुभंगतेय? व्हायरल दाव्यामागचं विज्ञान

‘भारताचे दोन तुकडे होणार’ असं सांगणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. त्यामागे खरं संशोधन आहे, पण ते सांगतंय वेगळंच.

नेमकं संशोधन काय?

डिसेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन जिओफिजिकल युनियनचं अधिवेशन झालं. त्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सायमन क्लेम्परर आणि सहकाऱ्यांनी एक मांडणी केली. तिबेटखाली शिरलेल्या भारतीय प्लेटचा खालचा जड थर वरच्या थरापासून सुटत असावा. पोळीचा पापुद्रा सुटावा तसा. म्हणजे फाटतंय ते जमिनीवर नाही, अनेक किलोमीटर खोल. तेही भारतात नाही, तिबेटखाली. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही.

इतक्या खोलवरचं कळलं कसं?

दोन खुणांवरून. एक, भूकंपलहरींचा प्रवास. दुसरी, गरम पाण्याच्या झऱ्यांतला हेलियम वायू. हेलियम-३ हा प्रकार कवचाखालच्या मँटलमध्ये जास्त असतो. झऱ्यात तो सापडला, तर खाली तापलेला मँटल जवळ आहे असं समजतात. सापडला नाही, तर मध्ये थंड प्लेट आडवी आहे.

याचा डोंगरांशी काय संबंध?

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहू लागला. पण डोंगर फक्त धडकेने उंच होत नाहीत. खालचा जड थर सुटला की ओझं कमी होतं, त्या जागी गरम मँटल येतो, वरची जमीन उचलली जाते आणि ताणलीही जाते. तिबेटचं पठार पूर्व-पश्चिम ताणलं जातंय, तिथे उत्तर-दक्षिण भेगा आहेत. त्यामागे ही खोलवरची हालचालही असू शकते.

मग घाबरायचं का?

पापुद्रा सुटण्याची ही प्रक्रिया लाखो वर्षांची आहे. खरा धोका वेगळा आहे. हिमालयात दरवर्षी सुमारे २ सेंटीमीटर सरकण्याचा ताण साठतो आणि भूकंपात मोकळा होतो. २०१५ मध्ये नेपाळमधल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात जवळपास ९,००० माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये तिबेटच्या डिंगरी भागात, जमीन ताणली जाते तिथेच, भूकंप झाला. त्यात १२० हून अधिक बळी गेले.

भूकंप कोणत्या दिवशी येईल हे कुणीच सांगू शकत नाही. घर कसं बांधलं तर ते टिकेल, हे मात्र इंजिनिअर सांगू शकतात. हिमालयाच्या कुशीतल्या गावाशहरांसाठी महत्त्वाचं ते आहे, आणि त्याचे व्हिडिओ फारसे व्हायरल होत नाहीत.