'क्ष' मानण्याच्या आधी

शाब्दिक उदाहरण म्हटले की आमच्या वाणिज्य वर्गात निम्म्या माना खाली जातात. हीच मुले संध्याकाळी घरच्या दुकानात बसली की उधारी मराठीत मोजतात, गिऱ्हाइकाला कानडीत सांगतात आणि पैचाही फरक पडू देत नाहीत. तेव्हा त्यांना हिशेब येत नाही, हे मला पटत नाही. गाडी अडते ती वाक्यापाशी.

इंग्रजी प्रश्नात 'फाइव्ह लेस दॅन एक्स' असे येते. वाचले तसे उतरवणारा ५ − क्ष लिहितो आणि फसतो. तेच मराठीत म्हणा: 'क्षपेक्षा पाच कमी.' शब्दांच्या क्रमाने लिहीत गेले की क्ष − ५ आपोआप कागदावर येते. कानडीत म्हणा: 'एक्सगिंत ऐदु कडिमे.' पुन्हा तेच! मराठीचा 'पेक्षा' आणि कानडीचा 'गिंत' दोघेही नामाच्या मागून चालतात. आपल्या बेळगाव-निपाणीकडे भाषांवरून एवढे बोलले जाते, पण बीजगणितात या दोघी एकाच बाजूला आहेत, हे कोणी सांगत नाही.

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. वही पेनपेक्षा १५ रुपयांनी महाग आहे. ३ वह्या व २ पेन मिळून ९५ रुपये होतात. पहिली ओळ शब्दांचीच हवी: 'एका पेनची किंमत क्ष रुपये मानू.' नुसते 'पेन = क्ष' लिहिणाऱ्याला पुढे क्ष म्हणजे नग की रुपये, हेच आठवत नाही. मग वही क्ष + १५ रुपये. म्हणून ३(क्ष + १५) + २क्ष = ९५, म्हणजे ५क्ष + ४५ = ९५, आणि क्ष = १०. पेन १० रुपये, वही २५. ताळा: ७५ + २० = ९५. ही शेवटची ओळ निदान आपण वाणिज्यवाल्यांनी तरी गाळू नये. ताळेबंद जुळवणे हाच आपला धंदा!

संभाव्यतेत तर शब्दच सगळा घात करतात. दोन नाणी उडवली. किमान एक छापा पडण्याची संभाव्यता किती? 'किमान एक' म्हणजे एक किंवा दोन, हे आधी लिहावे. मग शक्यता मांडाव्यात: छाछा, छाका, काछा, काका. (शेवटची जोडी वाचताना वर्गात हमखास हशा पिकतो.) चारपैकी तिघींत छापा आहे, म्हणून उत्तर ३/४. यात नाराज होण्याजोगे काही नाही. फ्रान्सचे थोर गणिती दालाँबेर यांनी १७५४ साली याच प्रश्नाचे उत्तर २/३ दिले होते. पहिल्याच वेळी छापा पडला तर पुढे उडवायचे कशाला, असे धरून त्यांनी तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्याच मानल्या.

आपल्या भाषेत गणित मांडणे ही काही नवी टूम नव्हे. बाराव्या शतकात भास्कराचार्य संस्कृतात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत होते, आणि त्याच शतकात राजादित्याने 'व्यवहारगणित' कानडीत लिहिले.

काही मित्र म्हणतात, पुढे सी.ए. किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या तर इंग्रजी टाळून कसे चालेल? टाळा असे मी म्हणतच नाही. माझी प्राध्यापक महोदयांना विनंती एवढीच आहे की, फळ्यावर समीकरण मांडण्याआधी एका मुलाला तो प्रश्न मराठीत आणि दुसऱ्याला कानडीत सांगायला लावावा. दोन मिनिटे जातील. आणि सरावाच्या वहीत पहिली ओळ घरच्या भाषेत असली, तर तिच्यावर लाल रेघ मारू नये.