खंडेनवमीचे भक्त

दसरा सरून दिवाळी आली तरी गाड्यांच्या हँडलांवरची झेंडूची माळ पुरती वाळलेली नसते. आमच्या सिंधुदुर्गात ह्या माळांतली सर्वांत जाड माळ कोणाला पडते, ठाऊक आहे? दारातल्या नव्या कोऱ्या मोटारीला नव्हे. ती पडते यामाहा आर. एक्स. 100 ह्या जुन्या फटफटीला! जिचे उत्पादन 1996 साली थांबले, त्या फटफटीचा चांगला जपलेला नग आज लाखाच्या घरात मागितला जातो. मालक तिला खोपीत कापडाखाली झाकून ठेवतात आणि पाहुण्याला देवघर दाखवावे तशी दाखवतात. ह्या भक्तीविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. कारण ही भक्ती मला खोटी वाटते.

वस्तू गुणाची आहे, ह्यात वाद नाही. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने 1985 साली ती बाजारात आणली. इंजिन अवघे 98 सी. सी., शक्ती 11 अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात. पण आंबोलीचा घाट तिने कसा चढला ते ज्यांनी पाहिले आहे, ते आकड्यांना हसत नाहीत. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार धावांत एकदा जाळ होतो. हिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून दर दोन धावांत एकदा. शिवाय कार्बुरेटरच्या वाटेवर पातळ पत्त्या बसवलेल्या. आतून ओढ लागली की पत्ती उघडते, ओढ संपली की मिटते आणि आत आलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण मागे फिरू देत नाही. भजनाच्या पेटीतली पत्ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. हलके अंग आणि तत्पर इंजिन, एवढेच तिचे रहस्य.

आता भक्तांची करणी पाहा. गाडी हाती आली की पहिले काम म्हणजे सायलेन्सर फोडणे. का? तर आवाज घुमला पाहिजे! टू-स्ट्रोकचा सायलेन्सर ही आवाज दाबण्याची नुसती नळी नव्हे. धुराबरोबर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण त्याच्या पोटातल्या आकारामुळे उलटणाऱ्या दाबाच्या लाटेने पुन्हा आत लोटले जाते. तो फोडणारा भक्त शक्ती घालवतो आणि गोंगाट कमावतो. ज्या गुणासाठी लाख मोजले, तोच गुण करवतीने कापून टाकायचा! देवाचे नाक कापून त्याला सोन्याचा मुकुट चढवणाऱ्याला आपण काय म्हणू?

वाचकहो, ह्या यामाहाचे मूळ ठाऊक आहे का? 1887 साली जपानातल्या हामामात्सू गावच्या एका शाळेतला ऑर्गन बिघडला. तोराकुसु यामाहा नावाच्या एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला शाळेने बोलावले. त्याने वाद्य उघडले, पाहिले, दुरुस्त केले. आणि मग स्वतःच तसे वाद्य बनवले. त्या दुरुस्तीतून कारखाना उभा राहिला, आणि 1955 साली त्याच घराण्यातून फटफटी बाहेर पडली. पुढे टोयोटाची 2000 जी. टी. ही देखणी स्पोर्ट्स मोटार यामाहाच्याच साहाय्याने घडली. 1967 ते 1970 ह्या काळात तिचे अवघे 351 नग झाले. 2013 साली त्यांतल्या एकाला लिलावात 10 लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

ही किंमत केवळ दुर्मिळतेची आहे, असे आमचे संग्राहक समजतात. तसे नव्हे. 2020 साली टोयोटाने ह्याच मोटारीचे काही सुटे भाग पुन्हा बनवून विकायला काढले. निस्सान आणि माझदा ह्या कंपन्यांनीही 2017 साली आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी अशीच पावले उचलली. जुने यंत्र तिथे मोलाचे राहते, कारण ते जिवंत ठेवणारी विद्या तिथे प्रतिष्ठित आहे.

आणि आमच्याकडे? शिक्षक म्हणून एक वाक्य मी पुनःपुन्हा ऐकतो : "गुरुजी, ह्येच्या डोक्यात काय शिरणा नाय, आता गॅरेजात घालतंय." जणू गॅरेज ही नापासांची कोंडवाडी! खाऱ्या वाऱ्याने गंजलेला नट न तोडता सोडवणे, नुसत्या कानाने कार्बुरेटरचा दोष ओळखणे, ह्याला डोके लागत नाही काय? तरी गाडीसाठी लाख रुपये हसत मोजणारा तोच गृहस्थ मेस्त्रीच्या मजुरीतले पन्नास रुपये कापण्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो. मेस्त्रीला मुलगी द्यायची म्हटली तर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या जुन्या मेस्त्र्यांचे हात थकत चालले आहेत, आणि त्यांच्या मागे पाना उचलायला कोणी मुलगा उभा नाही. तो संपला की कापडाखालच्या ह्या देवता निव्वळ भंगार होतील. मग माळा घाला नाहीतर आरत्या ओवाळा!

कोणी म्हणेल, "मास्तर, ही गाडी धूर ओकणारी, तिचे कसले पोवाडे गाता?" मान्य आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते, तेलाचा धूर होतो. प्रदूषणाच्या नियमांनी तिला निरोप दिला तो योग्यच. ती पुन्हा कारखान्यातून यावी असे माझे म्हणणे नाही. पण उद्या विजेची गाडी आली म्हणून पाना धरणारा हात अनावश्यक होणार आहे काय?

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कुलात एक जुने इंजिन टेबलावर ठेवा. गावच्या मेस्त्रीला आठवड्यातून एक तास मानधन देऊन बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि मुलांना त्याला 'सर' म्हणू द्या. हामामात्सूच्या शाळेने एका दुरुस्ती करणाऱ्याला दार उघडले, त्याचे फळ आपण खोपीत झाकून ठेवले आहे. आपल्या शाळांची दारे मात्र त्याच्यासारख्या माणसाला अजून बंद आहेत.