ओर्ताचा ‘संवाद’ वाचताना

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आपल्याकडे वैद्यकाच्या वा वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात निघते. साहित्याच्या अभ्यासकाला तो फार तर एका तळटिपेतून ठाऊक असतो : कामोइंश या महाकवीची पहिली छापील कविता ओर्ताच्या ग्रंथात आहे, म्हणून. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. ओर्ताचा ग्रंथ साहित्यकृती म्हणून वाचल्याखेरीज त्यातील वैद्यकही पुरते कळत नाही, असे आमचे मत आहे.

१५३४ मध्ये ओर्ता गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. सुमारे तीस वर्षांच्या अनुभवानंतर, १५६३ साली, भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे त्याचे ‘संवाद’ गोव्यातच छापले गेले, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, पोर्तुगीजमध्ये.

या संवादांत एक ओर्ता आहे आणि दुसरा रुआनो. रुआनो स्पेनमधल्या विद्यापीठांत शिकलेला, ग्रीक आणि अरब ग्रंथकारांची वचने तोंडपाठ असलेला. तो शंका काढतो. ओर्ता अनुभवाने उत्तर देतो. रुआनो हे पात्र काल्पनिक आहे. ओर्ताही सालामांका आणि अल्काला येथेच शिकलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे जहाजावर चढण्यापूर्वीचा ओर्ता म्हणजेच रुआनो, असे म्हणावेसे वाटते. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुली ओर्ता देतो, ती या जुन्या स्वतःलाच. पटकीवरील संवादात मध्येच एका रुग्णाकडून बोलावणे येते आणि चर्चा रुग्णाच्या खाटेपाशी जाते. तिथे नोंदलेल्या रोगाच्या देशी नावात आपली ‘मोडशी’ ओळखू येते.

१५६७ मध्ये क्लुसियसने अँटवर्प येथे या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि संवादाचे रूप काढून टाकले. युरोपभर गेला तो हा संक्षेप. औषधांची माहिती पोहोचली. शंका घेणारा, अडखळणारा, मत बदलणारा माणूस मागे राहिला. आंतोनिया ही दासी, जी वनस्पती आणून दाखवते, आणि मालुपा हा हिंदू वैद्य, हेही मूळ संवादांतच भेटतात. ज्ञान कोणाकोणाच्या हातून आले याचा तो पुरावा आहे. त्यांना बोलायला फार थोडी जागा मिळाली आहे, आणि हेही रूप पाहणाऱ्यालाच दिसते.

दोन पात्रांत स्वतःला वाटून घेण्यामागे आणखी एक कारण असावे, असा आमचा तर्क आहे. ओर्ता सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुळातला होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. अशा नगरात ‘मी म्हणतो’ असे लिहिण्यापेक्षा ‘आम्ही दोघे बोललो’ असे लिहिणे अधिक सुरक्षित नव्हते काय?

गोव्यातील लेखनाचा विचार करताना आपण १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’पासून आरंभ करतो. त्याच्या त्रेपन्न वर्षे आधीचे हे गद्य मराठीत नाही, म्हणून परके मानू नये. आपल्या वर्गांत त्यातील दोन-चार संवाद तरी, त्यांच्या मूळ रूपातील अनुवादाने, वाचले जावेत.