सहा जागांचे शौर्य

धैर्याची स्तुती सर्वांत सढळ हाताने करतात ते तेच लोक, ज्यांच्या तोंडावर चेंडू येण्याची सुतराम शक्यता नसते. मैदानाबाहेर बसून दर आठवड्यास खेळावर मतप्रदर्शन करणाऱ्या प्रस्तुत लेखकासही हा दोष लागू आहे, हे कबूल करूनच आज बर्फावरील हॉकीतला एक जुना प्रसंग सांगावयाचा आहे.

या खेळात चेंडू नसतो. ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची, कठीण रबराची चकती असते व तिला पक म्हणतात. तो अडविण्यासाठी गोलरक्षकाच्या पायांना जाड चामडी पट्टे असत, छातीला व हातांना संरक्षण असे. चेहरा मात्र उघडा. डेट्रॉइटच्या टेरी सॉचक या विख्यात गोलरक्षकाच्या मुखावर कारकीर्दभरात शेकडो टाके पडले, आणि प्रेक्षक ते पदकांसारखे मोजीत.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रिऑलचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या नाकाओठांवर बसला. राखीव गोलरक्षक जवळ बाळगण्याचा त्या काळी शिरस्ता नव्हता. गोलरक्षक जायबंदी झाला की खेळ थांबवावा, टाके घालावेत आणि त्यालाच पुन्हा उभे करावे, एवढाच काय तो बंदोबस्त. टाके पडले, पण सरावात वापरीत असलेला फायबरग्लासचा मुखवटा घालण्याची मुभा असेल तरच आपण बर्फावर उतरू, असे प्लांतने बजावले. मुखवट्याने पायाजवळचा पक दिसत नाही आणि गोलरक्षक भ्याला असा बोभाटा होतो, असे मानून सामन्यात त्यास मनाई करणारे प्रशिक्षक टो ब्लेक यांचा नाइलाज झाला. कातडीच्या रंगाचा तो ओबडधोबड मुखवटा चढवून प्लांत परतला, आणि माँट्रिऑलने सामना ३–१ असा जिंकला.

हा हट्ट त्यापूर्वी कोणी शेवटास का नेला नाही, याचे उत्तर शौर्यात शोधू नये. ते हजेरीपटात सापडेल. नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या वेळी अवघे ६ संघ होते. म्हणजे त्या पदावर मुकर्रर होऊ शकणारे गोलरक्षकही ६, आणि त्या जागांकडे डोळे लावून बसलेले उमेदवार मात्र खालच्या संघांतून पुष्कळ. करारनाम्याने खेळाडू क्लबाशी जखडलेला. दुसरीकडे जाण्याची सोय नाही. अशा व्यवस्थेत ‘मला लागते’ म्हणणे हे राजीनामा लिहून देण्यासारखेच होते. म्हणून ज्यास आपण निर्भयता म्हणून गौरविले, ती पुष्कळदा उपजीविका गमावण्याची भीतीच होती, आणि ही भीती पकाच्या भीतीहून मोठी ठरत होती. प्लांतचे म्हणणे ऐकले गेले, कारण त्या रात्री त्याच्या तोडीचा बदली माणूस हजर नव्हता आणि सलग ४ हंगाम त्याने गोलरक्षकांचे वेझिना पारितोषिक पटकावले होते. मुखवटा मागण्याचा अधिकार मिळण्यासाठी आधी सर्वश्रेष्ठ व्हावे लागत असे, हीच त्या व्यवस्थेवरची खरी टीका.

पुढे ८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहावरून तो एकदा उघड्या तोंडाने डेट्रॉइटविरुद्ध खेळला. सामना ०–३ असा गेला, आणि मुखवटा कायम झाला. त्याच वसंतात अंतिम फेऱ्यांतील एकही सामना न गमावता माँट्रिऑलने सलग पाचव्यांदा स्टॅनले चषक जिंकला. मुखवट्याने दृष्टी अधू होते, हा आक्षेप त्यानंतर कोणी कोणत्या तोंडाने घ्यावा?

प्लांत फावल्या वेळी लोकरीच्या टोप्या स्वतः विणीत असे, आणि पुरुषी खेळातला हा बायकी छंद म्हणून त्याची चेष्टाही होई. अकरा भावंडांतला हा थोरला; विणकाम त्याला घरच्या गरजेतूनच आलेले. थंडी वाजते हे मान्य करून तिच्यावर सुयांनी इलाज करणे यात त्याला कमीपणा वाटला नाही. १९७० च्या अंतिम लढतीत, सेंट लुईसकडून खेळताना, एक फटका सरळ त्याच्या कपाळावर आला. मुखवटा फुटला, प्लांत बेशुद्ध पडला आणि वाचला. ज्यांनी त्याला भित्रा ठरविले होते, त्यांच्यापैकी कोणीही त्या वेळी गोलाच्या तोंडाशी उभा नव्हता.

— मध्यस्थ