मुलांचाही रक्तदाब मोजा

वारंवार डोके दुखणे, अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड. मुलाने अशी तक्रार केली की आपण ऊन किंवा परीक्षेचे नाव घेतो. क्वचित या त्रासामागे मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतली गाठ, म्हणजे रक्तदाब वाढवणारा फिओक्रोमोसायटोमा असतो. मुलांमधील अशा गाठींपैकी निम्म्याहून अधिक आनुवंशिक असतात. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ हा त्यातलाच एक विकार. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला ५० टक्के धोका.

उपचार आता खूप सुसह्य झाले आहेत. १९९२मध्ये अधिवृक्क ग्रंथी दुर्बिणीने काढल्याची पहिली नोंद झाली. आज गाठ तेवढी काढून ग्रंथीचा निरोगी भाग वाचवता येतो. आनुवंशिक विकारात दुसऱ्या बाजूलाही गाठ होऊ शकते आणि दोन्ही ग्रंथी गेल्या की स्टेरॉइडच्या गोळ्या जन्मभर. दहा वर्षांच्या पोरासाठी हा फरक केवढा मोठा! मात्र आधी औषधांनी रक्तदाब आवरावा लागतो; निदानाविना भूल दिली तर जिवावर बेतते.

आरोग्य विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिककडून आमची अपेक्षा मोठी आहे. सुरगाणा, पेठच्या आश्रमशाळांत जाणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकांनी मुलांच्या दंडाच्या मापाचा पट्टा वापरून रक्तदाब मोजावा. संशयित मुलाला संदर्भ सेवा रुग्णालयामार्फत मुंबईच्या केईएमसारख्या तज्ज्ञ केंद्रात पाठवावे, आणि निदान झाल्यास भावंडांची जनुकीय तपासणी सरकारी खर्चाने व्हावी.